वेगळे करण्याची विद्या

धान्य निवडणे, पाखडणे, चाळणे ही आपल्या घरातील पिढ्यान्‌पिढ्यांची कामे आहेत. फोलपट हलके असते म्हणून सूप ते उडवून देते. कोंडा जाड असतो म्हणून तो चाळणीत अडकतो आणि पीठ खाली पडते. खडा डोळ्यांना दिसतो म्हणून बोटे तो वेचून काढतात. वेगळे करण्याच्या प्रत्येक कामामागे दोन वस्तूंमधील एखादा भेद दडलेला असतो. जेथे भेद नाही तेथे सूपही निरुपयोगी आणि चाळणीही निरुपयोगी. मग भेद दिसत नसेल तर तो निर्माण करता येईल काय? गेल्या शतकातील रसायनशास्त्रापुढे हा प्रश्न फार भीषण स्वरूपात उभा राहिला. कारण निवडावयाचे होते ते धान्य नव्हते. शहर बेचिराख करणारे आणि हजारो वर्षे किरणोत्सर्ग करीत राहणारे द्रव्य होते. या प्रश्नाचे पहिले उत्तर ज्यांच्या नेतृत्वाखाली मिळाले आणि त्या उत्तराचे बरे-वाईट परिणाम ज्यांना आयुष्यभर पाहावे लागले, त्या ग्लेन सीबोर्ग यांचे चरित्र अणुशक्तीविषयी बाजूने वा विरुद्ध बोलणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी डोळ्यांखालून घालावे असे आहे.

सीबोर्ग यांचा जन्म १९ एप्रिल १९१२ रोजी अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या इश्पेमिंग या लोखंडाच्या खाणींच्या गावी झाला. आई स्वीडनहून आलेली, वडीलही स्वीडिश वंशाचे; घरात इंग्रजीच्या आधी स्वीडिश कानांवर पडली. वडील यंत्रकारागीर होते, आजोबाही त्याच व्यवसायातले. ग्लेन दहा वर्षांचे असताना कुटुंब कॅलिफोर्नियात लॉस एंजेलिसजवळ येऊन राहिले, ते मुलांना अधिक चांगली संधी मिळावी म्हणून. परंतु तेथे वडिलांना कायमचे काम असे फारसे मिळाले नाही. मुलाचा ओढा साहित्याकडे होता. ते पोट भरण्याचे साधन नव्हे असे वाटून आईने त्याला हिशेबनीस होण्याचा सल्ला दिला. मध्यमवर्गीय मराठी घरांत हा संवाद आजही नवा वाटणार नाही.

या मुलाला वळण लागले ते एका शिक्षकामुळे. महाविद्यालयात प्रवेश हवा तर प्रयोगशाळेतील एक विज्ञानविषय घेणे भाग होते, एवढ्याच कारणाने ग्लेन वॉट्स भागातील आपल्या शाळेत रसायनशास्त्राच्या वर्गात जाऊन बसले. ड्वाइट लोगन रीड नावाचे शिक्षक तो विषय अशा तळमळीने शिकवीत की, काही महिन्यांतच या मुलाचा आयुष्याचा मार्ग ठरून गेला. पुढे जगातील सर्व मानसन्मान वाट्याला आल्यावरही सीबोर्ग या शिक्षकांचे ऋण सांगत राहिले. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात शिकताना त्यांनी गोदीत ओझी वाहिली, जर्दाळू तोडण्याची मजुरी केली, रबराच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रात्रपाळी केली. १९३७ साली बर्कली येथे डॉक्टरेट मिळाली आणि गिल्बर्ट लुईस या थोर रसायनशास्त्रज्ञाचे साहाय्यक म्हणून ते तेथेच राहिले. १९३८ मध्ये जॅक लिव्हिंगूड यांच्यासह त्यांनी आयोडीन-१३१ हा किरणोत्सर्गी समस्थानिक शोधून काढला. कंठस्थ ग्रंथीच्या विकारांवर तो आजही वापरला जातो. पुढे त्यांच्या आईच्या आजारात याच औषधाने तिचे आयुष्य वाढविले. मुलाने हिशेबनीस व्हावे असे म्हणणाऱ्या त्या माउलीला मुलाच्या न मानण्याचे फळ असे मिळाले.

१९४० साली बर्कलीत एडविन मॅकमिलन व फिलिप एबलसन यांनी युरेनियमच्या पलीकडचे पहिले मूलद्रव्य, ९३ क्रमांकाचे नेपच्युनियम, शोधले. त्याच्याही पुढचे ९४ क्रमांकाचे मूलद्रव्य हाती लागण्याच्या बेतात असताना मॅकमिलन यांना युद्धोपयोगी संशोधनासाठी जावे लागले आणि ते काम सीबोर्ग, जोसेफ केनेडी व आर्थर वाल यांच्याकडे आले. वाल तर तेव्हा विद्यार्थीच होते. १४ डिसेंबर १९४० रोजी सायक्लोट्रॉनमध्ये युरेनियमवर ड्यूटेरॉन कणांचा मारा करण्यात आला. नव्या द्रव्याची चाहूल त्याच्या अल्फा किरणांमुळे लागत होती. परंतु रासायनिक प्रक्रियेत ते थोरियमला असे काही बिलगून बसे की, हा थोरियमचाच एखादा प्रकार नसेल कशावरून, अशी शंका कोणीही घ्यावी. नवे मूलद्रव्य म्हणून मान्यता हवी, तर ते थोरियमपासून वेगळे करून दाखविणे आवश्यक होते.

येथे ऑक्सिडीकरण मदतीस आले. लोखंड गंजते तेव्हा त्याचे अणू आपले काही इलेक्ट्रॉन ऑक्सिजनला देऊन टाकतात. याच देण्याला रसायनशास्त्रज्ञ ऑक्सिडीकरण म्हणतात, मग घेणारा ऑक्सिजन असो वा दुसरे काही. उलट, इलेक्ट्रॉन परत मिळाले की ते क्षपण. अणूने किती इलेक्ट्रॉन दिले यावर त्याचे सारे वर्तन, तो कशात विरघळतो आणि कोणाबरोबर खाली बसतो, हे अवलंबून असते. थोरियम चार इलेक्ट्रॉन देतो आणि थांबतो. काही केल्या त्यापुढे जात नाही. ९४ क्रमांकाचे द्रव्य मात्र अधिक दाब आणल्यास सहा इलेक्ट्रॉन देऊ शकेल असा तर्क होता. २३ फेब्रुवारी १९४१ च्या रात्री गिलमन हॉलमधील ३०७ क्रमांकाच्या लहानशा खोलीत वाल यांनी चांदीच्या क्षाराच्या साहाय्याने परसल्फेट हे अतिशय तीव्र ऑक्सिडीकारक वापरले. उत्तररात्री थोरियम खाली बसला आणि अल्फा किरण सोडणारे द्रव्य वर द्रावणात राहिले. जोडी फुटली. नव्या मूलद्रव्याचा जन्म असा एका ऑक्सिडीकरणाने सिद्ध झाला. पुढच्याच महिन्यात, २८ मार्च रोजी, या मूलद्रव्याचा २३९ भाराचा समस्थानिक मंदगती न्यूट्रॉनने भंग पावतो हेही दिसून आले आणि त्याचे भवितव्य ठरले. त्याला प्लुटोनियम हे नाव १९४२ साली मिळाले; युद्ध संपेपर्यंत शोधनिबंध मात्र कुलुपात राहिले.

१९ एप्रिल १९४२ रोजी, आपल्या तिसाव्या वाढदिवशी, सीबोर्ग शिकागोत दाखल झाले. त्यांच्यावर सोपविलेले काम असे होते: अणुभट्टीतून निघालेल्या टनभर युरेनियममध्ये अल्पशा प्रमाणात विखुरलेले प्लुटोनियम, त्याच्या जोडीला असलेल्या डझनावारी जहाल किरणोत्सर्गी द्रव्यांपासून, माणसाचा हात न लागता वेगळे काढावयाचे. त्या वेळी साऱ्या जगात असलेले प्लुटोनियम डोळ्यांना दिसण्याइतकेही नव्हते. १० सप्टेंबर १९४२ रोजी त्याच्या संयुगाचे पहिले वजन झाले, ते २.७७ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचे दहा लाख भाग केल्यास त्यांतील तीन भागही नव्हेत. एवढ्याशा कणावर केलेल्या प्रयोगांवरून त्याच्या सुमारे अब्जपट मोठा कारखाना उभारावयाचा होता.

मार्ग सापडला तो स्टॅन्ली टॉम्प्सन या सीबोर्ग यांच्या शाळासोबत्याला. गढूळ पाण्यात तुरटी फिरविली की गाळ धरून ती तळाशी बसते, हे आपण जाणतोच. बिस्मथ फॉस्फेटचा साका प्लुटोनियमच्या बाबतीत तेच काम करतो. मात्र प्लुटोनियम चार इलेक्ट्रॉन दिलेल्या अवस्थेत असेल तरच. सहा इलेक्ट्रॉन दिलेले प्लुटोनियम त्या साक्याला ओळखही देत नाही. मग युक्ती सोपी झाली. प्रथम प्लुटोनियम चारच्या अवस्थेत ठेवून साक्याबरोबर खाली आणावयाचे; युरेनियम वरच्या द्रावणात निघून जाते. साका आम्लात विरघळवून, ऑक्सिडीकरण करून प्लुटोनियमला सहाच्या अवस्थेत न्यावयाचे आणि पुन्हा साका पाडावयाचा. या वेळी घाण खाली बसते आणि प्लुटोनियम वर राहते. मग क्षपण करून ते पुन्हा खाली आणावयाचे. अशा फेऱ्यांनी प्लुटोनियम शुद्ध होत जाते. हॅनफर्ड येथील जाड काँक्रीटच्या प्रचंड इमारतींत, दूरनियंत्रित यंत्रांनी, १९४४ च्या अखेरीपासून हे काम सुरू झाले. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर पडलेल्या बाँबमध्ये असे निवडून काढलेले सुमारे सहा किलो प्लुटोनियम होते.

येथे एक गोष्ट नमूद केली पाहिजे. त्याच वर्षी जूनमध्ये जेम्स फ्रँक यांच्या अध्यक्षतेखाली शिकागोच्या सात शास्त्रज्ञांनी सरकारला एक निवेदन सादर केले होते. जपानवर पूर्वसूचना न देता बाँब टाकू नये, निर्जन स्थळी जगासमक्ष त्याचे सामर्थ्य दाखवावे, अन्यथा शस्त्रस्पर्धा अटळ ठरेल, असा त्याचा आशय होता. तेहतीस वर्षांचे सीबोर्ग त्यावर सही करणाऱ्यांपैकी एक होते. निवेदन मानले गेले नाही. ज्याने द्रव्य निर्माण केले त्याच्या हाती त्याचा वापर राहत नाही, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला.

युद्धाच्या धामधुमीतच सीबोर्ग यांनी आपले सर्वांत मोठे शास्त्रीय कार्य केले. ९५ व ९६ ही पुढची मूलद्रव्ये प्लुटोनियमप्रमाणेच सहाच्या अवस्थेत नेता येतील या समजुतीने ते व त्यांचे सहकारी ऑक्सिडीकरणाचे प्रयोग करीत राहिले आणि अपयशी होत राहिले. या अपयशातून १९४४ साली त्यांना सुचले की, आपण मांडणीच चुकीची धरली आहे. ॲक्टिनियमपासून पुढची ही सारी मूलद्रव्ये लँथॅनाइडांसारखीच एक स्वतंत्र रांग आहेत आणि ९५-९६ ही तीन इलेक्ट्रॉन देऊनच स्वस्थ बसणारी असली पाहिजेत. आवर्त सारणीत असा फेरफार सुचविणे हे मोठे धाडस होते आणि प्रतिष्ठा गमवाल असा सल्ला जाणत्यांनी त्यांना दिलाही. परंतु त्या अंदाजाने शोध घेताच अमेरिसियम व क्युरियम सापडली. आज प्रत्येक शाळेच्या भिंतीवरील तक्त्यात तळाशी ज्या दोन ओळी दिसतात, त्यांतील खालची ओळ सीबोर्ग यांच्या त्या धाडसाची खूण आहे. १९५१ चे नोबेल पारितोषिक त्यांना व मॅकमिलन यांना मिळून देण्यात आले; त्या समारंभात आईकडून शिकलेल्या स्वीडिशमध्ये ते बोलले.

पुढचे आयुष्य अधिकारपदांचे होते. बर्कली विद्यापीठाचे चॅन्सेलर आणि १९६१ ते १९७१ अशी दहा वर्षे, केनेडी, जॉन्सन व निक्सन या तीन अध्यक्षांच्या कारकिर्दीत, अमेरिकी अणुशक्ती आयोगाचे अध्यक्ष. १९६३ च्या अंशतः अणुचाचणीबंदी कराराच्या वाटाघाटींच्या काळात त्यांनी केनेडींची बाजू सांभाळली आणि मॉस्कोतील स्वाक्षरीप्रसंगी ते हजर होते. संपूर्ण चाचणीबंदीचा आग्रह त्यांनी अखेरपर्यंत सोडला नाही. ज्या वर्षी हा करार झाला त्याच वर्षी भारत-अमेरिका अणुसहकार्य करार होऊन आपल्या तारापूरच्या वीजकेंद्राचा मार्ग मोकळा झाला, हेही येथे आठवते.

तथापि, या दहा वर्षांचा हिशेब मांडताना एक रकाना कोरा सोडता येत नाही. बिस्मथ फॉस्फेटच्या पद्धतीत प्लुटोनियम हाती येई. परंतु उरलेले युरेनियम, भंजनातून निर्माण झालेली द्रव्ये आणि प्रक्रियेत ओतलेली रसायने हे सर्व टाक्यांत जाई. युद्धाच्या घाईत जमिनीखाली पोलादी टाक्या पुरल्या आणि त्यांत हा द्राव भरून ठेवला. पुढे यापेक्षा सरस पद्धती आल्या. प्रथम प्लुटोनियमला सहाच्या अवस्थेत नेऊन द्रावकाने ओढून घेणारी रेडॉक्स आणि नंतर ट्रायब्युटाइल फॉस्फेट वापरणारी प्युरेक्स. युरेनियमही परत मिळू लागले. टाक्या मात्र भरतच राहिल्या. हॅनफर्ड येथे अशा १७७ टाक्या झाल्या. त्यांत सुमारे २१ कोटी लिटर कचरा साठला आणि कित्येक टाक्यांना गळती लागली. सीबोर्ग अध्यक्ष असताना, १९७० मध्ये, कॅन्सस राज्यातील एका मिठाच्या खाणीत कचरा पुरण्याचा बेत जाहीर झाला. त्या भूमीत जुनी छिद्रे असल्याचे निष्पन्न होऊन तो सोडून द्यावा लागला. प्लुटोनियमवर चालणाऱ्या उद्याच्या जगाची चित्रे सीबोर्ग उत्साहाने रंगवीत होते. त्या जगाच्या उकिरड्याचा विचार मात्र तितक्या उत्साहाने झाला नाही. ऋण काढून सण करावा आणि फेड नातवंडांवर सोडावी, असा हा प्रकार झाला. याचा सारा दोष एका माणसावर टाकणे अन्यायाचे होईल; परंतु अधिकार ज्याच्या हाती होता त्याला या दोषातून पूर्णपणे मोकळे करणेही इतिहासाला धरून होणार नाही.

या ऋणाचे स्वरूप नीट समजून घेतले पाहिजे. वीजकेंद्रातील वापरलेल्या इंधनात साधारण पंच्याण्णव टक्के युरेनियमच असते. सुमारे एक टक्का प्लुटोनियम आणि तीन-चार टक्के भंजनजन्य द्रव्ये. यांपैकी सीझियम व स्ट्रॉन्शियम यांचे अर्धायुष्य सुमारे तीस वर्षांचे. काही शतके सांभाळली की त्यांचा जोर ओसरतो. परंतु प्लुटोनियमचे अर्धायुष्य २४ हजार वर्षांहून अधिक आहे. ते काढून घेतले तरी एक सहस्रांश एवढे अमेरिसियमसारखे जे जिन्नस उरतात, ते कचऱ्याची राखण काही शतकांवरून अनेक सहस्रकांवर नेतात. हे अमेरिसियम वेगळे काढून शीघ्र न्यूट्रॉनांच्या भट्टीत जाळता येईल. मात्र त्याच्याबरोबर लँथॅनाइडे असता कामा नयेत, कारण ती न्यूट्रॉन गिळतात. आणि अमेरिसियम तर लँथॅनाइडांसारखेच तीन इलेक्ट्रॉन देऊन बसलेले! सीबोर्ग यांना १९४४ साली जे साम्य उमगले, ज्या साम्याने त्यांना कीर्ती मिळवून दिली, तेच साम्य आज कचरा निवडणाऱ्यांच्या वाटेत आडवे आले आहे.

उपायही जुन्याच रस्त्यावर आहे. अमेरिसियमचे सक्तीने ऑक्सिडीकरण करून त्याला सहाच्या अवस्थेत नेले, तर लँथॅनाइडे मागे राहतात आणि भेद निर्माण होतो. या कामी सोडियम बिस्मथेट चालते, आणि हॅनफर्डच्या कारखान्यात प्लुटोनियमच्या ऑक्सिडीकरणासाठी हेच द्रव्य वापरले गेले होते. अडचण अशी की, ही अवस्था टिकत नाही. द्रावक आणि स्वतःचाच किरणोत्सर्ग मिळून अमेरिसियमला पुन्हा तीनवर आणून बसवितात. २०१५ साली अमेरिकेत विद्युत्‌प्रवाहाने हे ऑक्सिडीकरण साधण्यात आले. त्यामुळे कचऱ्यात नवी रसायने ओतण्याची गरज उरत नाही. २०२३ मध्ये चिनी शास्त्रज्ञांनी सहाच्या अवस्थेतील अमेरिसियम एका मोठ्या रेणूच्या पिंजऱ्यात धरून ते चक्क सूक्ष्म चाळणीने गाळून दाखविले. आपण आरंभी चाळणीचा उल्लेख केला होता. शास्त्र फिरून तेथेच आले. अर्थात प्रयोगशाळेतील यश म्हणजे कारखाना नव्हे. तरीही मुंगीच्या पावलांनी का होईना, दिशा योग्य आहे.

महाराष्ट्राला हा विषय परका नाही. तुर्भे येथे १९६४ साली प्लुटोनियम वेगळे करणारा कारखाना सुरू झाला, तो प्युरेक्स पद्धतीचाच. तारापूरला वीजकेंद्राच्या शेजारी पुनःप्रक्रियेचा कारखाना आहे, कचरा काचेत गोठवून ठेवण्याची व्यवस्था आहे आणि ॲक्टिनाइडे विलग करून पाहणारी सुविधाही उभी राहिली आहे. तुर्भ्याच्या शास्त्रज्ञांनी याच कचऱ्यातील सीझियम काढून ते रुग्णांना द्यावयाचे रक्त किरणांनी निर्धोक करण्याच्या कामी लावले आहे. कचरा म्हणजे अद्याप न निवडलेली संपत्ती, हे तत्त्व तेथे अंशतः तरी खरे ठरले. परंतु वापरलेल्या इंधनावर पुनःप्रक्रिया करण्याचा मार्ग ज्या देशाने धोरण म्हणून पत्करला आहे, त्याच्यावर जबाबदारीही अधिक येते. वीज किती मिळाली हे जसे अभिमानाने सांगितले जाते, तसे कचरा किती साठला, कोठे ठेवला आणि त्यातील किती निवडला हेही लोकांना साध्या भाषेत सांगितले गेले पाहिजे. हॅनफर्डच्या टाक्यांभोवती गुप्ततेची भिंत नसती, तर गळती लवकर थांबविता आली असती. हा त्या इतिहासाचा आपल्यासाठी धडा आहे.

सीबोर्ग यांना आयुष्याच्या अखेरीस एक दुर्मिळ मान मिळाला. १०६ क्रमांकाच्या मूलद्रव्याला त्यांच्या हयातीतच, १९९७ साली, अधिकृतपणे सीबोर्गियम हे नाव देण्यात आले. ऑगस्ट १९९८ मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या एका अधिवेशनासाठी बोस्टनला गेले असता त्यांना पक्षाघात झाला आणि २५ फेब्रुवारी १९९९ रोजी ते निवर्तले. गिलमन हॉलमधील त्या रात्रीला तेव्हा अठ्ठावन्न वर्षे पूर्ण झाली होती.

वेगळे करण्याची विद्या त्यांनी जगाला दिली. तिने आधी बाँब दिला, मग वीज दिली, औषधे दिली आणि शेवटी टाक्या भरून कचरा दिला. यांतले हवे ते वेचून घेण्यास जगाने विलंब लावला नाही. नको ते निस्तरण्याची वेळ आली तेव्हा मात्र ते काम पुढच्या पिढीवर ढकलले. धान्य पाखडणारी गृहिणी सुपातले तांदूळ डब्यात भरते, तशी फोलपटे झाडून अंगणही स्वच्छ करते. तेव्हाच तिचे काम पुरे झाले असे ती मानते. ही साधी शिस्त अणुयुगाने अद्याप अंगी बाणविलेली नाही. एका शाळामास्तरांनी रसायनशास्त्र मनापासून शिकविले आणि त्यातून एक सीबोर्ग घडले. आजच्या आपल्या वर्गांतील एखाद्या मुलीला वा मुलाला शिक्षक हे उरलेले निम्मे काम दाखवून देतील, तर तीच त्यांच्या चरित्राची खरी पूर्तता होईल.